डोक्याला मार लागून आठवण गेलेल्या माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही एक सस्पेन्स थ्रिलर लिहायला घेतलंय, त्यातला नायक अपघातानंतर दवाखान्यात शुद्धीवर येतो, मागची काही वर्षं त्याला आठवत नाहीत, उशाशी बसलेली बाई म्हणते मी तुझी बायको आणि भाऊ म्हणतो हिच्यावर विश्वास ठेवू नको. असं खरंच होतं का, आणि अशा माणसानं कुणाचं खरं मानायचं.

होतं. आमच्या घरात झालंय, म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर मी इथं फक्त वाचतो.

आधी पिक्चरमधल्या दोन गोष्टी डोक्यातून काढा. डोक्याला मार लागलेला माणूस सहसा स्वतःचं नाव विसरत नाही. नाव, गाव, आपण कोण हेच साफ पुसलं गेलं तर ते बहुतेक वेळा मनाच्या धक्क्याचं असतं, माराचं नसतं, आणि तेही फार क्वचित. दुसरं म्हणजे परत डोकं आपटून आठवण येत नाही, आणखी जाते. मार लागला की जवळचं आधी जातं, जुनं टिकतं. रिबो नावाच्या फ्रेंच माणसानं १८८१ मध्येच हे लिहून ठेवलंय. आणि गेलेलं परत यायला लागलं की जुन्या टोकाकडनं येतं, अपघाताच्या लगोलग आधीचं बहुतेक कधीच येत नाही.

आता आमचं सांगतो. आम्ही औसा तालुक्यातले. जानेवारी २०१७, संक्रांत होऊन गेलेली, शेतात तुरीची रास चालू होती, तिथून परत येताना आण्णांची स्प्लेंडर रस्त्यावरच्या खडीवर घसरली. डोक्याला फक्त रुमाल. वय ६४. लातूरला दवाखान्यात चौथ्या दिवशी डोळे उघडले, मला ओळखलं, नावानं हाक मारली, आम्ही सगळे रडलो, आणि तेवढ्यात म्हणाले, "तुजी आई कुठाय? पानी आन म्हनावं."

आई २०११ ला गेली.

मी खरं सांगितलं. आण्णा बातमी पहिल्यांदाच कळावी तसे रडले, तोंडावर टॉवेल घेऊन, हुंदके देऊन. तासाभरानं परत तेच, "तुजी आई कुठाय?" परत सांगितलं, परत तसंच रडणं. दोन दिवसांत मी माझ्या बापाला आईच्या मरणाची बातमी किती वेळा दिली ते मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याच्यानं होईना. म्हणालो, "शेतात गेलीय, येईल." ते शांत झोपले. मग तेच चालू ठेवलं, शेतात गेलीय, माहेरी गेलीय, देवळात गेलीय. तीन आठवडे.

बहीण आजही म्हणते तू लबाड बोललास. हो, बोललो. त्या खाटेजवळ रात्रीचं कोण होतं ते तिला माहितंय.

आण्णा हळूहळू वर आले. आधी आई गेल्याचं आपोआप आठवलं, कुणी न सांगता. मग थोरल्या नातीचं लग्न आठवलं. मग २०१५ चा दुष्काळ, बैलजोडी आणि म्हैस विकली ते, किती पैसे आले ते, आधीचे थोडे मिळवून १ लाख ४० हजार पत्र्याच्या पेटीत ठेवले ते, सगळं नोटांच्या बंडलासकट. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेही आठवलं, ती एप्रिल २०१६ मध्ये आली, आणि तिथून पुढं काही महिने धूसर आणि मग भिंत. पावसाळ्यापासून अपघातापर्यंत काहीच नाही. आज नऊ वर्षं होत आली, ती भिंत तिथंच आहे.

आता त्या भिंतीपलीकडं काय राहिलं बघा. ८ नोव्हेंबर २०१६.

मार्चमध्ये घरी आणल्यावर एक दिवस वसरीत बसले होते, मी औषधाचे उरलेले पैसे त्यांच्या हातात दिले. दोन हजाराची गुलाबी नोट आणि नवीन पाचशेच्या दोन. त्यांनी ती गुलाबी नोट उलटी केली, सुलटी केली, बोटानं चोळली, उन्हाकडं धरली, आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "मला येड्यात काढायलास? लेकरं खेळतेत तसली नोट द्यायलास बापाला?" मी नोटबंदीचं सांगायला लागलो, की सरकारनं पाचशे हजाराच्या नोटा एका रात्रीत बंद केल्या. तुम्हीच विचार करा, ज्याला ती रात्र आठवत नाही त्याला हे कसं ऐकू येत असेल? जगातली सगळ्यात लबाड गोष्ट मी सांगतोय असं. ते उठले, आत गेले, पेटी उघडली. पेटी रिकामी.

तुमच्या कादंबरीतला पहिला धक्का कुठं येतो मला माहीत नाही, आमच्या घरात तो इथं आला.

पेटी कुणी रिकामी केली हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी वाळूजला कंपनीत, महिन्यातून एकदा गावाकडं. नंतर चुलत्यानं सांगितलं की नोटबंदी झाल्यावर आण्णा नोटा घेऊन जिल्हा बँकेत गेले, खातं तिथंच. पण १४ नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेनं देशातल्या सगळ्या जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली, तेव्हा खेड्यातल्या किती लोकांची पंचाईत झाली ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मग आण्णांनी नोटा दाजींच्या हवाली केल्या, त्यांचं दुसऱ्या बँकेत खातं होतं. कागद नाही, चिठ्ठी नाही, जावई म्हणल्यावर कोण लिहून घेतं. दाजी म्हणतात दत्तजयंतीच्या आत सगळे १ लाख ४० हजार नव्या नोटांत मामांच्या हातात दिले. घेतले का हे सांगणारा माणूस एकच, आणि त्याला तो हिवाळाच आठवत नाही.

हे दाजींनी पहिल्या दिवशी सांगितलं नाही. पेटी रिकामी सापडली तेव्हा ते तिथंच होते. दवाखान्यापासून रोज येऊन बसायचे, आण्णा काहीही म्हणाले तरी "बरोबर हाय मामा" म्हणायचे, तंबाखू मळून द्यायचे. मी खोटी नोट दिली असं आण्णा म्हणाले तेव्हाही "बरोबर हाय मामा". आणि मग हळूच विचारायचे, "मामा, थोरला पेटी उघडत होता तवा तुमी कुठं होता?" थोरला म्हणजे मी. प्रश्न नीट वाचा. पेटी कुणी उघडली असं विचारलेलं नाही. थोरल्यानं उघडली हे आधीच गृहीत धरलंय.

एलिझाबेथ लॉफ्टस म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७४ मध्ये लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि काहींना विचारलं गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं चक्काचूर होऊन आदळल्या तेव्हा किती होता. दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्यानं त्यांच्यातल्याच जास्त जणांना फुटलेल्या काचा आठवल्या, फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. हे धडधाकट लोकांचं. ज्याच्या डोक्यात सहा महिन्यांचा खड्डा आहे त्याच्यात प्रश्न विचारून काय काय भरता येईल? एप्रिलपर्यंत आण्णा सांगायला लागले की थोरल्याला पेटी उघडताना मी बघितलं, त्याच्या अंगात निळा शर्ट होता. शर्टाचा रंगसुद्धा! आण्णा लबाड बोलत नव्हते हो. त्यांना ते दिसत होतं.

पण खरा घाव वेगळा होता. डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी त्यांना दोनशे पानी वही दिली होती, रोज काय झालं ते स्वतःच्या हातानं लिहायचं. सातवी शिकलेले, अक्षर मोठं आणि गोल. एक दिवस वही उघडून बघितली, बघायला नको होती. लिहिलं होतं, "थोरल्याच्या हातचं पाणी नको वाटतं. का ते कळत नाही."

ते का, हे मला खूप उशिरा कळलं. जिनिव्हाचे एक डॉक्टर होते, क्लापारेद. त्यांची एक पेशंट होती, रोज भेटून रोज विसरायची. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढच्या वेळी तिला ना डॉक्टर आठवले ना टाचणी, पण हात पुढं करायला तयार होईना. हे त्यांनी १९११ मध्ये छापलं. घटना पुसली जाते, तिची धास्ती अंगात राहते, कारण दोन्ही मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी साठतात. हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचं असंच, १९५३ मध्ये फिटसाठी ऑपरेशन करून हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूत नव्या आठवणी जिथं तयार होतात त्या जागेचा, मोठा भाग काढला आणि पुढं २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला नवीन जवळजवळ काहीच आठवणीत राहिलं नाही, पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली की रोज आधीपेक्षा चांगली काढायचा, आणि रोज म्हणायचा की मी हे पहिल्यांदाच करतोय.

मी बापाला टाचणी टोचली होती. एकदा नाही, दोन दिवस, दर तासाला, तुमची बायको मेली म्हणून. आणि मग तीन आठवडे लबाड बोललो, ती येईल म्हणून सांगितलं आणि ती आली नाही. शब्द एकही राहिला नाही, पण हा माणूस जवळ आला की काहीतरी वाईट होतं एवढं राहिलं. दाजींनी कधी टोचलं नाही, तंबाखू दिली. मग कुणावर बसणार विश्वास?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हे की त्या माणसाला आतून ज्याच्याबद्दल चांगलं वाटतं तो खरा, असं अजिबात लिहू नका. आतला आवाज, रक्ताची ओढ, हे सगळं पिक्चरवाल्यांचं. आतून एवढंच कळतं की कुणी दुखवलं आणि कुणी गोंजारलं. खरं सांगणारा तर दुखवतोच. तुमच्या त्या बायकोला खरं सांगणारी करा आणि नायकाला तिचीच भीती वाटू द्या. आणि खलनायक शोधायचा तर खड्डा कोण भरतंय ते बघा. खरा माणूस म्हणतो "मला माहीत नाही, मी नव्हतो तिथं." ज्याच्याकडं प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार आहे आणि ते उत्तर नेमकं हरवलेल्या महिन्यांतलंच आहे, त्याच्याकडं संशयानं बघा.

हिशोबाचंही सांगतो, थ्रिलरमध्ये कामाला येईल. तेव्हा बचत खात्यातून आठवड्याला २४ हजारच काढता येत होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून दत्तजयंतीपर्यंत चार आठवडे, ९६ हजार. १ लाख ४० हजार नव्या नोटांत आले कुठून? हे मी दिवाळीला सगळ्यांपुढं विचारलं. दाजी उठून गेले आणि बहीण दोन वर्षं बोलली नाही.

आता बहिणीची बाजू पण लिहायला पाहिजे. तिचं म्हणणं दाजींच्या दुकानाचं करंट खातं होतं, त्याला आठवड्याला ५० हजार मिळायचे. नियम तसा होता, मी तपासलाय. त्या हिशोबानं पैसे निघू शकतात. मग आण्णांनी ते घेऊन कुठं ठेवले, कुणाला दिले, शेतात पुरले, काहीही असू शकतं, त्यांनाच माहीत नाही तर मला कुठून असणार. आणि सगळ्या पेशंटचं असंच होतं असंही नाही, कितीतरी लोकांचं महिन्याभरात सगळं जागेवर येतं. मेंदूच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय माझ्या भरवशावर वैद्यकीय काही लिहू नका.

आण्णा आता माझ्याजवळ असतात, वाळूजला. पाणी घेतात माझ्या हातचं. पाच वर्षं लागली त्याला, समजावून झालं नाही, रोज सकाळी तांब्या भरून नुसतं शेजारी ठेवायचो आणि काही न बोलता बाजूला बसायचो. निळा शर्ट मात्र त्यांना अजून दिसतो. मी तो कधीच घेतलेला नाही, माझ्याकडं निळा शर्ट नव्हताच, हे मी त्यांना सांगत नाही.

दाजी, तुम्ही इथं असता हे मला भाचीनं सांगितलंय. पैसे नकोत. करंट खात्याचं नोव्हेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ एवढं स्टेटमेंट घेऊन या, तीन पानं असतील. रक्कम निघालेली दिसली तर त्याच वसरीत सगळ्यांपुढं पाया पडून माफी मागतो.