आजीची बांगडी ‘वाढली’ कशी?

प्रिय मनू,

काल फोनवर तू विचारलंस, “आजीची बांगडी कापसाच्या गाठोड्यावर आपटून फुटली. मी ‘फुटली’ म्हटलं तर आजीने माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ‘फुटली नाई म्हनत माय, वाढली म्हनाव.’ दोन तुकडे झाले तर वाढली कशी?” तेव्हा माझी ट्राम आली होती, म्हणून उत्तर राहिलं. आता मेलबर्नमध्ये रात्र झाली आहे, निवांत लिहिते. अडलं तर मामाकडून वाचून घे.

‘वाढणे’ म्हणजे मोठं होणं, हे तुला माहीत आहे. ताटात जेवण वाढतात, तेही माहीत आहे. तिसरा अर्थ मात्र उलटाच आहे. जे संपू नये असं वाटतं, ते संपलं की आपल्याकडे ‘वाढलं’ म्हणतात. देवळात नारळ वाढवतात, फोडत नाहीत. रात्री दुकानदार दुकान ‘वाढवतो’, म्हणजे फळ्या लावून घरी जातो.

बांगडीचं कारण जरा जड आहे, पण तू आता अकरा वर्षांची आहेस, तर सांगते. पूर्वी नवरा वारला की बायकोच्या बांगड्या फोडायचे. कुठे कुठे अजूनही फोडतात. म्हणून ‘बांगडी फुटली’ हे शब्द त्या एका प्रसंगाला चिकटून बसले, आणि आबा समोर बाजेवर बसलेले असताना आजीला ते ऐकवेनात. ती प्रथा मला मुळीच आवडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली ती बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी आजीला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. ती म्हणाली, “बरं झालं.” आणि तरी ती ‘वाढली’च म्हणते. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

सरळ न सांगता आडवळणाने सांगण्याला व्याकरणाच्या पुस्तकात पर्यायोक्ती म्हणतात. शाळेत मी तिची व्याख्या घोकली होती. उदाहरण ठरलेलं: तुरुंगात गेलेल्या माणसाबद्दल ‘सरकारचा पाहुणचार घेतोय’. पूर्ण मार्क मिळाले. पण घरात माझी आई, म्हणजे तुझी आजी, दिवसातून दहा वेळा तेच करते, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मी इकडे यायला निघाले तेव्हा एस.टी.च्या पायरीवरून ओरडले, “जाते गं आई!” तिने कंडक्टरला गाडी थांबवायला लावली. “जातो नाई म्हनत. येतो म्हन.” सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. मी “येते” म्हटलं, तेव्हा घंटी वाजली.

वावरात गेलीस की आणखी ऐकशील. दिवस मावळल्यावर कोणी ‘साप’ म्हणणार नाही, ‘लांबडं’ म्हणतील नाहीतर ‘जनावर’. साप चावला तर ‘पान लागलं’. कापूस वेचताना पऱ्हाटीच्या बुडाशी हात घालण्याआधी बघत जा. आणि देव न करो, पण तशी वेळ आलीच तर दवाखान्यात पान-बिन काही बोलायचं नाही. साप चावला, असं सरळ सांगायचं.

आबांचं वेगळंच आहे. तू नळ उघडा ठेवलास तेव्हा ते म्हणाले, “पानी काय आभायातून फुकट पडून राह्यलं का बाप्पा?” आणि तू शांतपणे म्हणालीस, “हो, पाऊस फुकटच असतो.” मामाने हे सांगितलं तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. अगं, तो प्रश्न नव्हता. नळ बंद कर, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. आपला दर्यापूरकडचा भाग खारपाणपट्ट्यातला, विहिरीचं पाणी खारट. माझ्या लहानपणी गोड पाण्याच्या हंड्यासाठी तास तास नंबर लावावा लागायचा. म्हणून पाण्याचा विषय निघाला की आबांचा आवाज चढतो.

असे प्रश्न विचारण्यात गाडगेबाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचं शेंडगाव आपल्याच अमरावती जिल्ह्यातलं. कीर्तनात ते वऱ्हाडीत साधे साधे प्रश्न विचारायचे आणि लोकच उत्तरं द्यायचे. आपण चुकतोय हे बाबांनी सांगण्याआधी लोकांच्याच तोंडून निघायचं. आबा काही तिथवर पोचलेले नाहीत. त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं की ते चिडतात. पुढच्या वेळी गुपचूप नळ बंद कर.

आता आजीचा एक हात उणा दिसत असेल. बाजाराच्या दिवशी तिच्याबरोबर कासारणीकडे जा. तिथे ‘बांगड्या घाला’ म्हणू नकोस, ‘भरा’ म्हण. बांगड्या भरतात. आजीचं माप अडीच, माझं सव्वादोन. तुझं मला माहीत नाही. कासारीण हात दाबून बघेल आणि सांगेल. थोडं दुखतं, हात सैल सोड. हिरव्या घे, आणि भरल्या की फोटो पाठव.

तुझी,
आई