माळेच्या जागी तारा

नाना पहिल्यांदा आले तेव्हा मे महिना होता आणि त्यांच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं होतं. ठाण्यात मे महिन्यात कोणी असं बसत नाही. नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत घामाने निथळत होते, तरी बटणाला हात लावला नाही.

बोलली ती सून. बाबांची बायपास जानेवारीत झाली. रिपोर्ट चांगले आहेत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण हे दाराबाहेर पडत नाहीत. जेवण अर्ध्यावर सोडतात. ऐरोलीच्या ज्या भजनी मंडळात वीस वर्षं टाळ वाजवले, तिथलं कोणी भेटायला आलं तर झोपल्याचं सोंग घेतात.

"माळ गेली," नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांचं स्वतःहून बोलणं एवढंच.

(नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. लिहायला त्यांनी होकार दिला तो एका अटीवर: "विठ्ठलाचं नाव तेवढं बदलू नका.")

फलटणकडचं घर, तीन पिढ्यांचे माळकरी. वयाच्या अठराव्या वर्षी वडिलांसोबत वारीला गेले आणि वारकऱ्यांच्या फडावरच्या महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली. पुढे रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी, निवृत्ती, नातवंडं. माळ गळ्यातच. ऑपरेशनआधी अंगावरचं सगळं उतरवतात. छाती मधोमध उघडायची तर ते करावंच लागतं. पण कोणीतरी घाईत कात्री चालवली. नंतर घरच्यांच्या हातात पिशवी आली तिच्यात घड्याळ होतं, चष्मा होता, कवळीसुद्धा होती. माळ नव्हती.

मुलाने दुसऱ्याच दिवशी ऑनलाइन मागवली. डबीवर 'अस्सल तुळस' असं स्टिकर. नानांनी डबी उघडली, बंद केली आणि कपाटात ठेवली. मुलाला ते हट्टीपणाचं वाटलं. मला मुलाचाही राग आला नाही. वडील वाचले या आनंदात असलेल्या माणसाला माळ म्हणजे शंभर-दीडशे रुपयांची वस्तू वाटणारच.

आता माझी चूक. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, "नाना, देव आपल्या आत असतो. माळ हे फक्त चिन्ह आहे." वाक्य खोटं नाही. पण ज्याचं काही हरवलंय त्याला 'हरवलं ते महत्त्वाचं नव्हतंच' असं सांगण्यासारखं होतं ते. नानांनी मान डोलावली, नमस्कार केला आणि पुढच्या आठवड्यात आले नाहीत. सुनेने समजूत घालून पुन्हा आणलं तेव्हा मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं.

मग दुखणं कुठे आहे ते कळलं. त्यांच्या घरचा नियम असा: माळ तुटली तर ओवून पुन्हा गळ्यात पडेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. वडिलांची एकदा शेतात तुटली, तर दीड दिवस उपाशी बसले होते. आणि नानांना आयसीयूत शुद्ध आली, नळी काढली, तेव्हा सिस्टरने चमच्याने पाणी पाजलं. "मी प्यायलो, ताई. गोड लागलं." हे सांगताना एकसष्ट वर्षांचा माणूस हुंदके देत होता, आणि टाक्यांना हिसका बसू नये म्हणून एका हाताने छाती धरून होता.

इथे थोडं व्यवहाराचं. हृदयाच्या मोठ्या आजारपणानंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य गाठतं. नानांची पीएचक्यू-9 ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. नऊ प्रश्न, जास्तीत जास्त 27 गुण. त्यांचे 13 आले. दहाच्या पुढे गेलं की मी एकटी सांभाळत बसत नाही. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना कळवलं आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. सगळं खापर माळेवर फोडलं असतं तर हे राहून गेलं असतं.

"जानवं उतरवलं", "मंगळसूत्र वाढवलं", "देव्हारा मुलाकडे दिला", "आता देव रागावेल का?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या कपड्यांत येतो. काहींच्या बाबतीत तो दिवसातून पन्नास वेळा मनात येतो, हात पुन्हा पुन्हा धुतले जातात, मंत्र चुकला म्हणून पहिल्यापासून म्हटला जातो, घरच्यांकडून शंभरदा "काही होणार नाही ना?" असं वदवून घेतलं जातं. तो ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असू शकतो, त्याला वेगळे उपचार लागतात, आणि धीर देत राहिलं तर तो वाढतो. नानांचं तसं नव्हतं. त्यांनी एकदाच विचारलं होतं, आणि उत्तर स्वतःच्या विरोधात देऊन टाकलं होतं.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "तुमच्या संतांमध्ये असा कोणी आहे का, ज्याच्याकडून काही काढून घेतलं गेलं?"

"चोखोबा," ते लगेच म्हणाले. मग कीर्तनकाराचा सूर लागला. पंढरपुरात देवळाच्या आत येऊ दिलं नाही. (ते दार सगळ्यांना उघडायला 1947 उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.) पुढे मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, चोखोबा इतर मजुरांबरोबर तिच्याखाली गेले. नामदेव शोधायला गेले. ढिगाऱ्यातली हाडं कुणाची, कसं ओळखणार? तर म्हणे ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं, ती उचलली आणि महाद्वारापाशी आणून समाधी दिली.

नाना थांबले. बायपासमध्ये कापलेलं छातीचं हाड स्टीलच्या तारांनी बांधतात आणि त्या तारा बहुधा जन्मभर आतच राहतात. हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तेच त्यांना सलत होतं: माळ काढली आणि तारा घातल्या. ते बराच वेळ छातीवर हात ठेवून बसले.

"हाडांवरून ओळखलं नामदेवांनी," ते म्हणाले. "गळ्यात काय होतं ते कुठं विचारलं?"

मी काही जोडलं नाही. पहिल्या भेटीत मी हेच म्हणाले होते की. पण ते माझं होतं.

त्यानंतर एक साधा अभ्यास दिला. संध्याकाळी माळेशिवाय हरिपाठाला बसायचं, पाच मिनिटं. अपराधी वाटेल, वाटू द्यायचं, उठायचं नाही. पहिल्या दिवशी दोन अभंग झाले. तिसऱ्या आठवड्यात सत्तावीस. त्याच सुमारास गोळ्यांचाही गुण दिसू लागला, भूक परतली; कशाने किती झालं याचा हिशेब मी मांडत नाही. मंडळात गेले ते दाराशीच बसले. कोणी गळ्याकडे पाहिलं नाही, किंवा पाहिलं तरी बोललं नाही. वारकऱ्यांना ही रीत असते.

डबीतली माळ त्यांनी घरच्या विठोबाच्या तसबिरीला घातली. मुलाला बरं वाटलं. स्वतःची माळ महाराजांच्याच हातून घेणार, आणि डॉक्टरांनी गर्दीत जायची परवानगी दिल्यावरच. यंदाची आषाढी हुकली. कार्तिकीचं बघू म्हणतात. मला विचाराल तर त्यांनी ती घ्यावी. आतलं सापडल्यावर बाहेरचं टाकून द्यावं असं मला वाटत नाही.

परवा त्यांच्या मंडळींचा फोन आला. "ताई, यांचे टाळ पहाटे साडेचारला पुन्हा सुरू झालेत. आता खालच्या मजल्यावरच्यांचं समुपदेशन तुम्हीच करा."