ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकताना जावा आधी घ्यावी की पायथन, आणि डिझाइन पॅटर्न (नेहमी येणाऱ्या अडचणींवरच्या ठरलेल्या रचना) कधी शिकावेत?

भाषेचा प्रश्न गौण आहे. इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासने (ऑब्जेक्टच्या साच्याने) दुसऱ्याचे गुणधर्म वारशाने घेणे, हेच ऑब्जेक्ट ओरिएंटेड, असे कोणी सांगितले तर ते मात्र मानू नका.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी मी रावेर तालुक्यात केळीचा व्यापार करणाऱ्या माझ्या मामांसाठी खरेदीच्या हिशेबाची प्रणाली जावामध्ये लिहिली. ‘माल’ हा एकच क्लास आणि त्यात प्रत (मालाचा दर्जा), बाग, वजन, भाव, अशी माझी पहिली रचना होती. “यात इन्हेरिटन्स नाही, म्हणजे हे ऑब्जेक्ट ओरिएंटेड नाही,” असे म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांनी आकृती परत केली. मग मी ‘माल’खाली नवती (चांगली प्रत) आणि वापसी (हलकी प्रत) असे दोन क्लास काढले, मृगबाग आणि कांदेबाग हे लागवडीचे दोन हंगाम वेगळे दाखवायचे ठरले तेव्हा दोनाचे चार झाले, आणि रोख-उधारीमुळे चाराचे आठ.

खरी अडचण काट्यावर आली. नवती म्हणून नोंदवलेला माल ट्रकमध्ये चढत असताना मामांनी दोन घड उलटून पाहिले. फण्या बारीक होत्या, सालीवर डाग होते. “हा माल वापसीत टाक,” ते म्हणाले. जावामध्ये एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही, म्हणून मी जुनी नोंद काढून नवी केली आणि तिला नवा क्रमांक मिळाला. शेतकरी हातात काटापावती घेऊन समोर उभे होते, आणि त्या पावतीवरचा क्रमांक खात्यात कुठेच नव्हता.

त्या रात्री मी ‘प्रत’ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट केला आणि तो ‘माल’च्या आत ठेवला. भाव किती, हे माल आपल्या प्रतीला विचारतो. प्रत बदलली तरी माल तोच राहतो, क्रमांकही तोच. या रचनेला माझे गुण कापले गेले आणि तेव्हा मी गप्प बसलो. आज तसा बसणार नाही. डिझाइन पॅटर्नवरील गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांच्या १९९४ च्या ज्या पुस्तकाचा आधार सगळे घेतात, त्याच्या पहिल्याच प्रकरणात क्लासच्या इन्हेरिटन्सपेक्षा ऑब्जेक्टांच्या कंपोझिशनला, म्हणजे एका ऑब्जेक्टच्या आत दुसरा ठेवण्याला, पसंती द्यावी, असे स्पष्ट लिहिले आहे. जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे तो एका मोड्यूलच्या (प्रोग्रॅमच्या स्वतंत्र भागाच्या) आत झाकून ठेवावा, हे तर संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्येच मांडले होते; माझ्या हिशेबात बदलणारी गोष्ट प्रत होती.

इन्हेरिटन्स टाकाऊ आहे, असे मात्र मी म्हणत नाही. ऑस्लोमध्ये घडलेल्या सिम्युला ६७ या प्रोग्रॅमिंग भाषेपासून ते आहे, आणि जिथे मूळ क्लास अपेक्षित आहे तिथे त्याचा वारस बिनतक्रार उभा राहू शकत असेल, तर ते जरूर वापरावे.

महाविद्यालयात जावा असेल तर जावाच घ्या. स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या सांगण्यावरून दोनदा बदलावा लागेपर्यंत पॅटर्नकडे वळू नका, आणि वळाल तेव्हा स्ट्रॅटेजी आणि स्टेट आधी वाचा. त्या रात्री मी जे चाचपडत केले, ते या दोघांत नीट मांडलेले आहे.