गर्दीच्या रेल्वेतून लोकांना पटपट उतरता यावं म्हणून काय डिझाइन करता येईल?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी हवंय आणि डोक्यात डब्याचं दार मोठं करायचा विचार आहे. मी सोलापूरचा, कामासाठी पुण्याला सारखं येणं-जाणं असतं, म्हणून सरळ सांगतो, दाराला हात लावू नका, दाराबाहेरच्या दोन मीटर जागेवर काम करा.

आमच्या स्टेशनवर जनरल डब्यासमोर उभं राहून बघा एकदा. गाडी थांबलेली पण नसते तोवर खालची माणसं दांडी धरून सोबत पळायला लागतात, खिडकीतून रुमाल पडतात, पिशव्या पडतात, आणि आतला माणूस दारात येऊन उभा राहतो कारण खाली पाय ठेवायलाच जागा नाही. एखादी म्हातारी मावशी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दांडी, एक पाय पायरीवर सोडून अडकलेली असते आणि तिच्या बगलेतून दोघं वर घुसायलेत. मागनं सगळे ओरडतात "ओ, आधी उतरू द्या की ओ", तरी कोण हलत नाही.

लोकांना शिस्त नाही म्हणून विषय सोडून देऊ नका, ह्यात फिजिक्स आहे. 2000 साली हेल्बिंग, फर्काश आणि विचेक ह्या तिघांनी 'नेचर'मध्ये कॉम्प्युटर मॉडेलवरून दाखवलं होतं की अरुंद दारातून सगळेच जोर करून निघायला गेले की बाहेर पडायचा वेग उलट कमी होतो, दाराशी माणसांची कमान धरते. पेरताना चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यात, ज्वारी एकदम मूठभर सोडली की खालचं नळं तुंबतं, तसंच. आणि आपल्याकडं तर त्याच दारातून समोरून पण जोर लागतो.

दार मोठं करायचं म्हणजे डब्याचा सांगाडाच बदलायचा, ते प्रोजेक्टमध्ये होणार नाही. जुन्या आयसीएफ प्रकारचा स्लीपर डबा 72 बर्थचा, नव्या एलएचबी प्रकारचा 80 चा, डबा दोनेक मीटरनं लांबला पण एका बाजूला दारं दोनच, दोन टोकांना. त्यात उंची. आपला हाय लेव्हल प्लॅटफॉर्म 760 ते 840 मिलिमीटर, डब्याची फरशी त्याच्याही बरीच वर, म्हणून पायरी आली आणि पायरी आली की प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागं रांग थांबली. 2023 पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत चालू आहे, तिच्या दाराखालून प्लॅटफॉर्मकडं सरकणारी पायरी बाहेर येते, ती जवळून बघून घ्या.

सिंगापूरच्या मेट्रोत फरशीवर बाण असतात, मधून उतरायचं, चढणाऱ्यांनी दोन्ही कडेला थांबायचं. बार्सिलोनाच्या मेट्रोत तर 1930 च्या दशकातच रुळाच्या दोन्हीकडं प्लॅटफॉर्म केले, एका बाजूनं उतरा, दुसऱ्या बाजूनं चढा. ते आपल्याकडं सगळीकडं जमणार नाही, पण बाण जमतील. अडचण एकच, मेट्रोचं दार रोज ठरलेल्या जागी येतं, आपल्या गाड्यांचे डबे कमी-जास्त, लांबी वेगळी, मग रंगवलेला पट्टा एका गाडीला बरोबर आणि दुसरीला चूक. म्हणून मला वाटतं खरा प्रोजेक्ट इथं आहे: प्लॅटफॉर्मच्या कडेला एलईडीची पट्टी, येणाऱ्या गाडीच्या डब्यांच्या क्रमावरून पेटणारी, दार जिथं येणार तिथं मधली जागा लाल आणि दोन्ही बाजूला थांबायच्या जागा हिरव्या. सुरुवात फक्त जनरल डब्यांपासून करा, खरी मारामारी तिथंच असते.

आणि जिना विसरू नका. 2017 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, तिथं गाडीतून उतरणं झालेलं होतं, गर्दी पुलावर तुंबली होती. दारातून लोक लवकर सोडले आणि पुढं जिना अरुंद असला तर धोका नुसता जागा बदलतो.

आधी मोजा मात्र. एकच दार धरा, पहिला माणूस खाली आल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत किती वेळ, तेवढ्यात किती उतरले, मधेच किती चढले. आषाढीच्या आधी कुर्डुवाडीला गेलात तर पंढरपूरसाठी गाडी बदलणारे वारकरी भेटतील, गाठोडं-पिशवी घेऊन उतरणाऱ्याला लागणारा वेळ वेगळा लिहून ठेवा. शूटिंग करणार असाल तर रेल्वेकडं कॉलेजच्या पत्रासकट अर्ज द्या, परवानगी हातात आल्यावरच कॅमेरा काढा.