नाइस म्हणजे छान, पण कोणत्या सालात?

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मित्रा,

तुझं भाषांतर दोनदा वाचलं. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी उताऱ्यातला 'नाइस' तू 'छान' केलास, तिथे पेन्सिलीने खूण आहे. त्या काळी नाइस माणूस म्हणजे मूर्ख माणूस! लॅटिन 'नेस्किउस' म्हणजे न जाणणारा, थेट आपला 'नेणता'. फ्रेंचमध्ये त्याचा मूर्ख झाला आणि १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत उतरला. पुढे लाजाळू, नखरेल, चोखंदळ, काटेकोर असं करत करत अठराव्या शतकात तो छान झाला. 'नाइस डिस्टिंक्शन'मध्ये जुना काटेकोरपणा अजून शिल्लक आहे. तिथे 'सूक्ष्म भेद' लिही.

पण समासात तू लिहिलंयस, 'मूळ अर्थ तोच खरा.' हे मात्र मला मान्य नाही. 'शिक्षा' संस्कृतात शिकवण, हिंदीत अजूनही शिक्षण, आपल्याकडे मात्र छडी. 'राग' म्हणजे संस्कृतात रंग, आसक्ती, प्रेम. आई रागावली की तिला सांगून बघ, 'मूळ अर्थाने तू प्रेमच करतेयस.'

मूळ शोधायच्या नादात मीही फसलोय. 'पॉश'ची गोष्ट वर्गात कैक वर्षं रंगवून सांगितली: हिंदुस्थानात येताना जहाजाची डावी बाजू, परतताना उजवी, म्हणून सावलीतल्या महागड्या केबिनी आणि तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावी, परतताना उजवी) याची चार आद्याक्षरं. पोरं खूश. एकाने विचारलं, "सर, असं तिकीट कुठे बघायला मिळेल?" कुठेच नाही. आजवर तसं एकही तिकीट सापडलेलं नाही.

म्हणून एकदा येरवड्याला डेक्कन कॉलेजात जाऊन ये. तिथे १९४८ साली संस्कृत कोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळपास कोटभर चिठ्ठ्या आहेत: शब्द, तो आलेलं वाक्य, ग्रंथाचा ठावठिकाणा. त्या काळानुसार लावल्या की अर्थ कुठे वळला ते दिसतं. ऑक्सफर्डच्या कोशाचीही हीच रीत. त्याचा पहिला भाग १८८४ चा, शेवटचा १९२८ चा. (आपली चिठ्ठीही इंग्रजीत जाऊन 'चिट' झाली, बरं का.)

पुढचा उतारा पाठवताना अडलेल्या शब्दापुढे त्या वाक्याचं साल लिही. आणि आपलं मुंगूस इंग्रजीत 'मंगूस' कसं झालं ते शोधून ठेव. शेवटी 'गूस' ऐकू येतो म्हणून हंसाची गोष्ट मात्र रचू नकोस.

तुझा,
सर