कारने डिलिव्हरी आणि युनिव्हर्सल क्रेडिट: पेट्रोलच्या पावत्या राहू द्या, मैल लिहा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय. स्वतःच्या कारने पार्सलं पोचवता, युनिव्हर्सल क्रेडिट (ब्रिटनमध्ये कमी कमाईच्या लोकांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत) चालू आहे, आणि तुमच्या अकाउंटंटने सांगितलंय की दर महिन्याला पेट्रोलच्या पावत्यांची बेरीज खर्चात दाखवा, मायलेजचं (म्हणजे चालवलेल्या मैलांवर ठरलेल्या दराने धरायच्या खर्चाचं) वर्षअखेरीला बघू. मलाही अगदी हेच सांगितलं गेलं होतं. कृपया या सल्ल्यावर विसंबून या महिन्याचा आकडा भरू नका.

आधीच सांगते, मी वकील नाही, अकाउंटंटही नाही. इंग्लंडमध्ये पार्सल डिलिव्हरी करणारी, दोन मुलांची आई आहे आणि स्वतःच्या प्रकरणापायी नियम वाचत बसले आहे. दर २०२५-२६ चे देतेय, तुम्ही भरताना पुन्हा ताडून बघा. खातं, नोंदणी वगैरे तुमचं झालेलं दिसतंय, त्यात शिरत नाही.

मुद्दा असा. युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशेबात कारचा खर्च फक्त एकाच पद्धतीने धरता येतो, मैलांच्या ठरलेल्या दराने. एका असेसमेंट पिरियडमध्ये, म्हणजे मदतीच्या हिशेबाच्या एका महिन्यात, धंद्यासाठी चालवलेल्या पहिल्या ८३३ मैलांना मैलामागे ४५ पेन्स आणि त्यापुढे २५ पेन्स. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग, एमओटी (गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी), रोड टॅक्स, गाडीचा हप्ता, आणि डिलिव्हरीसाठी घ्यावा लागणारा तो महागडा 'हायर अँड रिवॉर्ड' (पैसे घेऊन माल पोचवण्याचा) विमासुद्धा, हे सगळं त्या दरात आलं. वेगळं काही दाखवायचं नाही. म्हणजे पेट्रोलच्या पावत्या जोडणं हे कमी फायद्याचं आहे एवढंच नाही, कारसाठी ती पद्धतच नियमात नाही.

फरक किती पडतो ते बघा. समजा एका महिन्यात धंद्याचे ९०० मैल झाले आणि पेट्रोलला १३० पौंड गेले. मैलांच्या दराने ८३३ मैलांचे ३७४.८५ आणि उरलेल्या ६७ मैलांचे १६.७५, मिळून ३९१.६० पौंड खर्च धरला जातो. पेट्रोल दाखवलंत तर १३०. मधले २६१.६० पौंड तुमची कमाई म्हणून मोजले जातात आणि वर्क अलाउन्सच्या (म्हणजे ज्या कमाईपर्यंत कपात होत नाही त्या सुटीच्या रकमेच्या) वरच्या कमाईवर पौंडामागे ५५ पेन्स युनिव्हर्सल क्रेडिटमधून कापले जातात. महिन्याला जवळजवळ १४४ पौंड हातचे गेले. आमच्याकडे तेवढ्यात मुलांच्या शाळेचे बूट, बसपास आणि विजेचं बिल निघतं.

मला ज्यांनी हा सल्ला दिला ते हायस्ट्रीटवरचं एक हिशेबाचं ऑफिस. नाव घेत नाही. ओळखीतल्या चार जणांनी सांगितलं म्हणून गेले. मी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं होतं की मला बेनिफिटचा आकडा दर महिन्याला द्यावा लागतो, त्यात काय लिहू? समोरच्या माणसाने स्क्रीनवरून नजर न उचलता सांगितलं, पावत्या जमवा, बेरीज टाका, मायलेज आम्ही रिटर्नमध्ये घेतो. रिटर्नमध्ये त्यांनी ते घेतलंही, आणि बरोबर घेतलं. पण टॅक्स ऑफिसला वर्षाचा हिशेब लागतो आणि डीडब्ल्यूपीला, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट देणाऱ्या सरकारी खात्याला, महिन्याचा. या दोन खात्यांचे नियम वेगळे आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही असं कबूल करायची तयारीही नव्हती. माझं वर्षाहून जास्त नुकसान झाल्यावर जाब विचारायला गेले, तर उत्तर आलं, 'आमचं काम टॅक्स रिटर्नपुरतं.' मग पहिल्या दिवशीच सांगायचं होतं ना, की बेनिफिटचं आम्हाला कळत नाही! एवढं एक वाक्य बोलले असते तर मी दुसरीकडे विचारलं असतं. फी मात्र दर वेळी वेळेवर घेतली. गरजू माणूस पैसे मोजून सल्ला घेतो तेव्हा तो सल्ला कुठपर्यंत चालतो हे सांगणं सल्ला देणाऱ्याचं कर्तव्य आहे, या मतावर मी ठाम आहे.

नंतर निस्तरायला काय लागतं तेही ऐका, कारण तुमचे काही महिने चुकीचे गेले असतील तर उपयोगी पडेल. प्रत्येक महिन्याचा निर्णय हा वेगळा निर्णय असतो. त्याच्या फेरविचारासाठी, म्हणजे मँडेटरी रिकन्सिडरेशनसाठी, एक महिन्याची मुदत असते. उशिराचं सबळ कारण दिलं तर निर्णयापासून १३ महिन्यांपर्यंत अर्ज घेतला जाऊ शकतो. माझे त्याआधीचे महिने गेले ते गेलेच. उरलेल्यांसाठी पुरावा हवा होता, आणि पावत्या जमवायला सांगितल्यामुळे मैलांची वही नव्हती. पावत्यांची तर अशी अवस्था की डब्यातून काढल्या तेव्हा निम्म्यांवरची छपाई उडून कोरे कागद राहिले होते. शेवटी ॲपमधल्या जुन्या फेऱ्या एकेक करून नकाशावर मोजल्या. एमओटीच्या वेळी गाडीचं रीडिंग सरकारी नोंदीत जातं आणि नंबर टाकला की ऑनलाइन दिसतं. दोन एमओटींच्या मधला फरक माझ्या बेरजेशी जुळत होता, त्याचा आधार झाला. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी अर्ज लिहून दिला, एक पैसा न घेता. सगळे पैसे नाही, पण काही परत आले.

म्हणून वही आजपासून. माझी साधी दोन-रेघी वही आहे, सन व्हायझरला रबरबँडने लावलेली. त्यातली एक ओळ अशी: '१४ तारीख, सुरुवात ४८,२१२, शेवट ४८,२७९, एकूण ६७, धंद्याचे ६१.' मधले सहा मैल म्हणजे घर ते डेपो आणि डेपो ते घर. ते सहसा धंद्यात धरता येत नाहीत, आणि मी कधी धरत नाही. डेपोपासून पहिलं पार्सल, तिथून पुढची, आणि न मिळालेल्या गिऱ्हाइकाचं पार्सल परत द्यायला डेपोवर जाणं, हे धंद्याचं. जेवण पोचवणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं. काही ॲप फक्त रेस्टॉरंट ते गिऱ्हाईक एवढंच अंतर दाखवतात, पुढच्या ऑर्डरसाठी परत येण्याचे मैल त्यात नसतात. ॲपचा आकडा तसाच उचललात तर खिशाला चाट बसते.

आणखी एक घोळ टॅक्सवाल्यांच्या सवयीने होतो. टॅक्ससाठी मर्यादा वर्षाला १०,००० मैल आहे, इथे महिन्याला ८३३. नाताळच्या गर्दीत १,२०० मैल झाले तर इथे ४६६.६० पौंडच धरले जातील. वर्षाचे मैल दहा हजारांच्या आत असतील तर टॅक्समध्ये त्याच मैलांचे ५४० होतात. जानेवारीत काम बसलं म्हणून न वापरलेले मैल डिसेंबरला लावता येत नाहीत. अन्यायाचं आहे, पण तसंच आहे. तसंच १,००० पौंडांचा ट्रेडिंग अलाउन्स (धंद्याच्या उत्पन्नावरची सरसकट सूट) हा टॅक्सचा आहे, युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तो चालत नाही.

आता एक गोष्ट जी मला वाटतं कुणीच नीट सांगत नाही. डीडब्ल्यूपीने स्वयंरोजगार हेच तुमचं मुख्य काम धरलं आणि तेव्हापासून वर्ष झालं, की मिनिमम इन्कम फ्लोअर (किमान कमाईची गृहीत धरलेली पातळी) लागतो. म्हणजे २०२५-२६ च्या किमान वेतनाने तासाला १२.२१ पौंड, आठवड्याचे ३५ तास धरले तर महिन्याला करआधी सुमारे १,८५२ पौंड तुम्ही मिळवलेच, असं गृहीत धरतात. त्यातून टॅक्स वगैरे वजा करून जो आकडा उरतो, त्याच्या खाली तुमची खरी कमाई गेली तरी हिशेब त्या आकड्यावरच. लहान मुलं सांभाळत असाल तर तास कमी धरतात, ते वर्क कोचकडून (तुमचं प्रकरण बघणाऱ्या अधिकाऱ्याकडून) जर्नलमध्ये, म्हणजे तुमच्या ऑनलाइन खात्यातल्या निरोपांच्या पानावर, लेखी घ्या. फ्लोअरखालच्या महिन्यात कितीही मैल दाखवलेत तरी पैसे वाढत नाहीत. डिलिव्हरीचं काम म्हणजे एक महिना धो धो आणि दुसरा कोरडा, आणि नियम मात्र दर महिना सारखा समजून चालतो. ज्यांनी कधी जानेवारीत रिकाम्या ॲपकडे बघत गाडीत तास काढले नाहीत, त्यांनीच हा नियम केला असणार.

व्हॅन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मैलांचा दर घ्या किंवा खरा खर्च, निवड तुमची. मोपेड-मोटरसायकललाही निवड आहे, दर २४ पेन्स. जुन्या मोपेडला दुरुस्ती फार असेल तर खरा खर्च फायद्याचा ठरू शकतो, पण मग खाजगी वापराचा हिस्सा वगळावा लागतो.

टिप मिळालेल्या असतील तर त्याही उत्पन्नात लिहा. जानेवारी २०२४ पासून डिलिव्हरी ॲपना लोकांची कमाई टॅक्स ऑफिसला कळवावी लागते, लपवून काही साधणार नाही. उलट एक हक्काची गोष्ट बरेच जण सोडून देतात. ३१ जानेवारीला टॅक्स भरलात की तो ज्या असेसमेंट पिरियडमध्ये भरला त्याच्या कमाईतून वजा होतो. तो आकडा न विसरता टाका.

इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, थोडं अवांतर. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही ही अट) असेल तर यातलं काही तुम्हाला लागू नाही, अर्जही करू नका, व्हिसा अडचणीत येईल. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगारच चालत नाही, तेव्हा दुसऱ्याचं ॲप अकाउंट भाड्याने घेऊन डिलिव्हरी करणाऱ्या मुलांनी वेळीच थांबावं. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या स्विंडनकडच्या गोव्याच्या मंडळींपैकी ज्यांचं अजून प्री-सेटल्ड (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना मिळालेला तात्पुरता राहण्याचा दर्जा) आहे, त्यांना राइट टू रिसाइडही, म्हणजे काम वगैरेच्या आधारावर इथे राहण्याचा हक्कही, दाखवावा लागतो. त्यांच्यासाठी धंद्याच्या या नोंदी दुहेरी कामाच्या आहेत.

तर आधी तुमच्या मागच्या महिन्यांची स्टेटमेंटं उघडा आणि खर्चात काय गेलंय ते बघा. पेट्रोलचे आकडे दिसले तर सगळ्यात जुन्या महिन्यापासून सुरू करा, कारण त्याची मुदत आधी संपते. जर्नलमध्ये 'मँडेटरी रिकन्सिडरेशन' हे शब्द स्पष्ट लिहा, नुसती चौकशी केली तर तिला अर्ज समजतीलच असं नाही. आणि मला एवढं कळवा: धंदा नेमका कोणत्या महिन्यात नोंदवलात, आणि फ्लोअर लागल्याचं पत्र आलंय का? त्यावरून अर्जात काय लिहायचं ते ठरेल.