पोहता येत नाही. मालवणात एका दिवसात स्कूबा आणि सिंधुदुर्ग किल्ला दोन्ही होईल का?

होईल. सकाळी आधी समुद्र, मग किल्ला. उलटं करू नका. दुपारी खारा वारा सुटला की पाणी हलायला लागतं आणि नाश्त्याच्या आंबोळ्या बोटीच्या कठड्यावरून बाहेर जातात.

पोहण्याचं मनावर घेऊ नका, माणूस पाठीमागून धरूनच उतरवतो. पहिल्याच वेळी उतरणाऱ्यांचं खरं घोडं अंगठ्यावर अडतं. मागच्या हंगामात एक काका होते. जेमतेम पाच मीटर पाणी, समोर पट्टेवाल्या सार्जंट मेजर माशांचा थवा. काका खूष, म्हणून त्यांनी अंगठा दाखवला. पाण्याखाली वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘छान आहे’ म्हणायचं तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. मी त्यांना वर आणलं. वर येताच काका भडकले, पंधरा मिनिटांचे पैसे घेऊन चार मिनिटांत काढलंत म्हणून! खूण मी सांगितली होती, पण चालत्या बोटीत, इंजिनाच्या धडधडाटात. त्यांना त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. आमच्या बोटवाल्याचं म्हणणं, सूचना वाटेतच उरकायच्या, म्हणजे एक फेरी जास्त होते. माझं म्हणणं, जेट्टीवर दहा मिनिटं बसवा आणि प्रत्येकाकडून खुणा करून घ्या. हा वाद तीन वर्षं चालू आहे.

कानाचंही तसंच. दाब १० मीटरवर वरच्या दुप्पट होतो, पण कान दुखतो तो पहिल्या मीटर-दीड मीटरलाच. मास्कच्या रबरावरून नाक चिमटीत धरा, तोंड मिटलेलं ठेवून हलकेच फुंका, कानात ‘टक’ होईल. दुखायची वाट न बघता दर दोन फुटांना हे करायचं. होत नसेल तर थोडं वर येऊन पुन्हा. जोर लावून फुंकलंत तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका.

मास्कमध्ये पाणी येतं ते मिशीमुळे किंवा आत अडकलेल्या केसांमुळे. लोक पट्टा आवळत बसतात, त्याने रबर दुमडतं आणि आणखी गळतं. श्वास फक्त तोंडाने, आणि कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. ती बाहेर पडली नाही तर फुप्फुस फाटू शकतं. शिडीला धरून, तोंड पाण्यात घालून दोन मिनिटं श्वास घेऊन बघा. तिथे जमलं की खालीही जमतं.

दिवस तिथी बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ असते, गाळ उठतो, हातभर अंतरावरचंही धूसर दिसतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार कमी, पाणी निवांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात दोन्ही बंद.

किल्ल्यावर होडी साधारण तासाभराने न्यायला येते, त्यामुळे सेल्फीत वेळ घालवू नका. १६६४ साली पायाभरणी झालेल्या या किल्ल्याचा दरवाजा बुरुजांच्या आड असा वळवलाय की होडी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो बघून शिवराजेश्वराचं देऊळ गाठा, मग चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे. भर समुद्रात गोड पाणी देणाऱ्या दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तीन विहिरी मात्र चुकवू नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: दमा, हृदयविकार, गर्भारपण किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय उतरू नका. चिपीहून विमान असेल तर स्कूबानंतर निदान बारा तास जाऊ द्या. आंबोली घाट चढून परतणार असाल तर मुक्काम करून सकाळी निघा.

आणि बुकिंग करताना दोन प्रश्न विचाराच. पंधरा मिनिटं बोटीत बसल्यापासून मोजता की पाण्याखालची? सूचना कुठे देता? ‘बोटीत सांगतो’ असं उत्तर आलं तर म्हणा, मग आधी इंजिन बंद करा. आमच्या बोटवाल्याला गिऱ्हाइकाच्या तोंडून हे ऐकायचंच आहे.